कूम वेलिझारचा मुका दोर

माझ्या होडीचा दोर गातो. नदीत नांगर टाकला, प्रवाहाने दोर ताणला, की आधी तो हळूच गुणगुणतो, मग भुंग्यासारखा एकसुरी घूं लावतो. ती थरथर दोरातून फळ्यांत उतरते आणि फळ्यांतून माझ्या बुडाखाली येते. माणसाला ती सोसते. स्मुजला नाही.

स्मुज हा आमच्या डॅन्यूबमधला सगळ्यांत शहाणा मासा. काचेसारखे डोळे, कुत्र्यासारखे दात, आणि मांस इतकं पांढरं की आजारी माणसालाही चालावं. हिवाळ्यात तो गावाखालच्या डोहात तळाशी दगडांमध्ये बसून राहतो. तळावर नांगराचा दोर थरथरला की त्याच्या अंगाला ते कळतं, आणि तो उठून पलीकडे जातो. पलीकडे म्हणजे कुठे? वीस हातांवर होडी लावून बसलेल्या वेलिझारच्या गळाकडे.

वेलिझार माझा कूम. माझ्या लग्नात तोच माझ्या शेजारी उभा राहिला, माझ्या मुलाला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून त्यानेच उचललं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, त्याला कोर्टात खेचता येतं. कूमशी मात्र नाही. वर देव आणि खाली कूम, असं आमचे म्हातारे सांगून गेलेत. त्यामुळे माझी पंचाईत अशी होती की ज्या एका माणसावर मी जळत होतो, नेमकं त्याच्यावरच जळायची मला मुभा नव्हती. मग काय, आतल्या आत जळायचो.

त्यात पुन्हा संत निकोलाचा दिवस. तो आमच्या घराचा संत. डिसेंबरच्या एकोणीस तारखेला मेणबत्ती लावायची, सणाची भाकरी मोडायची, आणि न बोलावता जे येतील त्यांना जेवू घालायचं. दिवस उपासाचे, त्यामुळे मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. ताटात मासा पाहिजे, आणि तोही साधासुधा नाही. आमच्याकडे माशाचं लांबट निळ्या काठाचं ताट आहे, वेलिझारनेच लग्नात दिलेलं. लागोपाठ तीन वर्षं त्या ताटात जो स्मुज पडला तो वेलिझारने आणलेला. दरवर्षी दारातून आत यायचा, हात पुढे करायचा, ‘हा घ्या, या घरचा मासा,’ म्हणायचा आणि हसायचा. पाहुणे बोटं चाटत म्हणायचे, ‘वा! वेलिझारचा हात!’ मी घरधनी. त्या दिवशी घरधन्याने बसायचं नसतं, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं असतं. म्हणजे तीन वर्षं मी उभ्या उभ्या, माझ्याच घरात, दुसऱ्याची वाहवा वाढत होतो.

‘यंदाचा मासा मी स्वतः धरणार,’ असं मी ऑक्टोबरातच सगळ्या काठाला ऐकवून ठेवलं. म्हातारा ग्रादिमिर जाळं विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, “धर की. बाजारात बर्फावर ठेवलेला असतो, पळत पण नाही.”

कोळ्याने मासा विकत घ्यावा! त्यापेक्षा ताट रिकामं ठेवलेलं बरं. ग्रादिमिरला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर बोलला.

खोट दोरात आहे हे मला कळत होतं. तो मी दातांत धरून पाहिला होता, दाढेतलं चांदी भरलेलं भोकसुद्धा ठणकलं. एकदा तंबाखू देण्याच्या निमित्ताने, नांगर न उचलता दोर सोडत सोडत, होडी वेलिझारजवळ नेली आणि त्याच्या होडीच्या काठावर सहज हात ठेवला. लाकूड शांत. तोच प्रवाह, तोच डोह, तसाच लोखंडी नांगर, आणि त्याची होडी झोपलेल्या गाईसारखी गप्प. माझ्या पोटात असं दुखलं की तंबाखूची डबी पाण्यातच पडायची.

“तुझा दोर आवाज करत नाही रे, कुमा?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “तुझा?”

“माझा? छे!” मी म्हणालो. माझा दोर तेव्हा पाठीमागे वधूच्या मावशीसारखा गळा काढत होता. वेलिझार माझ्याकडे पाहून हसला. हे त्याचं हसणं! त्यात कधी कुणाला काही वाईट सापडलं नाही, आणि मला नेमकं तेच खुपायचं.

मग मी एकेक उपाय सुरू केले. दोर जास्त सोडून पाहिला. सूर नुसता खाली उतरला. दोराच्या मध्यावर दगड टांगला. तो दगडासकट गायला. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा मध्ये जोडला, तर होडी हिसके देऊ लागली आणि माझी टोपी नदीत गेली. शेवटी शहरातून नवा नायलॉनचा दोर आणला, निळा, बारीक, गुळगुळीत, आमच्या काठावरचा पहिलाच. जुना तागाचा होता तो निदान झिजून केसाळ तरी झाला होता. या नव्या दोराने असा आवाज लावला की काठावर कपडे धुणाऱ्या बायका माना वळवून पाहू लागल्या.

यागोदा, माझी बायको, त्यांच्यातच होती. संध्याकाळी सूप वाढताना म्हणाली, “जितका गुळगुळीत तितका जास्त ओरडणार. तुला मी सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतंस?”

“जाऊ दे. ऐकायचं असतं तर तेव्हाच ऐकलं असतंस.”

तिने काय सांगितलं होतं ते मला अंधुक आठवत होतं. तिचा बाप नदीवरच्या गिरणीचा मालक. दोन होड्यांवर उभी असलेली ती गिरणी भर प्रवाहात जाडजूड दोरांनी नांगरलेली असायची, आणि यागोदाचं लहानपण त्या गिरणीवरच गेलं. बाबा दोरांना लोकर बांधायचे, असं ती कधीतरी म्हणाली होती. पाणी दोराच्या एकदा या बाजूने सुटतं, एकदा त्या बाजूने, म्हणून तो थरथरतो. लोकरीचे झुपके असले की पाणी त्यातून विंचरून जातं आणि दोर गप्प राहतो. मी म्हणालो होतो, “म्हणजे दोराला थंडी वाजते तर! मोजेपण विण त्याला.” त्यावर सगळा काठ हसला होता. एवढंच मला आठवत होतं. आपला विनोद माणसाला आठवतो, तो कशावर केला होता ते विसरायला होतं.

आता यागोदा आणि वेलिझारबद्दल सांगायला हवं. वेलिझारची बायको वारली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून यागोदा त्याला शनिवारी भाकरी पाठवते, हिवाळ्यात मोजे विणून देते. कूमच्या घरासाठी कोणीही करेल तेवढंच. तो दारात आला की ती म्हणायची, “या कुमा, बसा,” आणि एप्रनला हात पुसून कॉफी ठेवायची. मी घरात आलो की म्हणायची, “बूट काढ.” मी हे फरक मोजायला लागलो होतो. पोटदुखी माशापासून सुरू झाली होती, पण ती एका जागी थांबणारी चीज नाही.

संत निकोलाच्या आधीचा रविवार. वेलिझार चर्चमध्ये गेला होता, यागोदाही. मी सर्दीचं निमित्त काढलं आणि नदीवर गेलो. काठावर कोणी नव्हतं. वेलिझारची होडी बांधलेली, पुढच्या भागात वेताची पाटी, पाटीवर गोणपाट. नांगराचा दोर तो नेहमी त्या पाटीत गुंडाळून झाकून ठेवायचा.

दुसऱ्याच्या होडीत त्याला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा आमच्या काठाचा कायदा आहे. चोरसुद्धा पाळतात, ते अख्खी होडीच नेतात. आणि ही तर कूमची होडी. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि पाय टाकला. देवाला त्यात कशाला ओढलं, माहीत नाही.

गोणपाट उचललं. दोराला, नांगराच्या टोकापासून पार वरपर्यंत, वीतभर लांबीचे लोकरीचे झुपके ओवलेले होते. दोराचा पीळ उकलून प्रत्येक झुपका आत घातलेला, वर गाठ मारलेली, नीट, एकसारखं अंतर राखून. एक लाल, एक काळा. लाल तो लाल, जो गावात एकाच घरी निघतो. यागोदा मंजिष्ठेच्या मुळ्यांत लोकर रंगवते, अंगणातल्या कढईत. ती कढई मी उचलून ठेवतो. काळी लोकर माझ्या मेंढीची. आणि ती गाठ, दुहेरी, शेवटी उलटी वळवलेली, ती आमच्या बिछान्यावरच्या पासोडीच्या काठाला आहे.

मी त्या होडीत खालीच बसलो. मासा डोक्यातून पार गेला. माझ्या बायकोने, माझ्या लोकरीने, दीडशेहून जास्त गाठी, एकेक करून, याच्या दोराला मारल्या. कधी? कुठे बसून? इतका वेळ हे दोघं काय बोलत होते? आणि मी तिकडे डोहात बसून दगड टांगत होतो आणि ट्यूब बांधत होतो, आणि हा माझ्याकडे पाहून हसत होता! आता मला त्या हसण्याचा अर्थ लागला, असं मला वाटलं. अंगाचा तिळपापड झाला.

विचारायचं कोणाला? कूमला? कूमवर असला संशय बोलून दाखवणं म्हणजे स्वतःच्या मुलाच्या बाप्तिस्म्यावर थुंकणं. बायकोला? आणि ती हो म्हणाली तर? मी चाकू काढला आणि पहिला झुपका कापला. मग दुसरा. चर्चची घंटा वाजेपर्यंत मी सगळा दोर भादरून टाकला, गोणपाट होतं तसं ठेवलं, आणि झुपके पोत्यात भरून घरी आलो. जाळायला धजलो नाही. जळकी लोकर गल्लीभर वास मारते. नदीत टाकले असते तर तरंगत सगळ्या गावाला दिसले असते. माळ्यावर अक्रोडांच्या पोत्यामागे खुपसून ठेवले. खरं सांगायचं तर तिच्या हातच्या गाठी जाळवत नव्हत्या. इतका चिडलो होतो, तरी.

पुढचे तीन दिवस मी डोहात होतो. वेलिझारही होता. आता दोन दोर गात होते, माझा बारीक आवाजात, त्याचा जाड. आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता त्या गाण्यात बसून राहिलो आणि दोघांच्याही गळाला शेपूट लागलं नाही. स्मुज बहुतेक पार शेजारच्या देशात गेले असावेत. बाकीच्यांनी होड्या कधीच काठावर ओढून उपड्या घातल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मला एक क्षण बरं वाटलं. निदान याच्याही हाती काही नाही. मग आठवलं की उद्या संत निकोला.

सणाच्या सकाळी यागोदाने निळ्या काठाचं ताट धुऊन पुसून टेबलाच्या मधोमध ठेवलं. मी म्हणालो, “ठेवतेस कशाला?”

“मोकळं दिसलं तरी चालेल,” ती म्हणाली. “झाकून ठेवलं तर जास्त दिसेल.”

राजम्याची उसळ, लोणचं, भाकरी, अक्रोड घातलेला गोड गहू. माणसं आली, मेणबत्तीला नमस्कार करून बसली. ग्रादिमिरने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ताटाकडे पाहिलं.

“ओस्तोया, मासा फारच पारदर्शक आहे रे!”

सगळे हसले. मी आलुबुखाराची दारू ओतत राहिलो. तेवढ्यात दार उघडलं आणि वेलिझार आत आला. त्याचे हात रिकामे होते. टोपी हातात घेऊन तो तसाच उंबऱ्याशी उभा राहिला. पन्नाशी उलटलेला तो दांडगा माणूस, पण चूक झालेल्या पोरासारखा उभा होता.

“यागोदा,” तो म्हणाला, “यंदा या घरचा मासा आणता आला नाही. माफ कर.”

“या कुमा, बसा,” ती म्हणाली. “मासा नाही तर नाही. माणूस आला ना.” आणि गव्हावर घालायला अक्रोड कमी पडतायत असं म्हणत शिडीकडे वळली.

“मी आणतो!” मी ओरडलो.

“तू पाहुण्यांना बघ,” ती वरून म्हणाली. तिचे पाय अर्धे माळ्यात गेले होते.

हातात बाटली, भोवती पाहुणे. घरधनी जाणार कुठे? मी छताकडे कान लावून उभा राहिलो.

“तुझ्यासारख्याला मासा मिळू नये म्हणजे काय?” ग्रादिमिर वेलिझारला विचारत होता.

“माझा दोर कोणीतरी भादरला,” वेलिझार म्हणाला. “सगळे झुपके. एकसुद्धा ठेवला नाही. आता ढोलासारखा वाजतो.”

“कसले झुपके?”

“लोकरीचे. यागोदाने केलेले.”

मला वाटलं, आता. आता बोलेल. तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच नेहमीचं हसू होतं, फक्त थकलेलं.

“तुला आठवतं ना, कुमा? तूच तर मला दिलास तो दोर. तीन वर्षांपूर्वी यागोदा तुझ्यासाठी करून काठावर घेऊन आली होती. आख्खा उन्हाळा विणत होती म्हणे. तू म्हणालास, दोराला मोजेपण विण. आणि उचलून माझ्या होडीत फेकलास. ‘घे वेलिझार, तुझ्या बोकडाच्या गळ्यात बांध!’ सगळे किती हसले. ही पण हसली. मग घरी गेली.” त्याने ग्लास फिरवला. “मी विचार केला, बोकडाला कशाला? नांगराला लावला. म्हणून तर दरवर्षी मासा इकडे आणायचो. तो याच घरचा होता.”

मला ते आठवलं. सगळं एकदम आठवलं, तिच्या कडेवरची टोपली, त्यावर टाकलेला स्वच्छ रुमाल. मी रुमालाखाली नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ग्रादिमिर म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

शिडी करकरली. यागोदा खाली आली. तिच्या हातात पोतं होतं आणि ते अक्रोडांचं नव्हतं. ती टेबलाशी आली, पोत्यात हात घातला आणि मूठ मूठ करून लाल-काळे झुपके निळ्या काठाच्या ताटात ठेवू लागली. कुठेही घाई नाही. मासा वाढतात तसे, डोक्याकडून शेपटीकडे. ताट भरलं तशी तिने काठावर सांडलेला एक धागा उचलून आत टाकला.

“घ्या,” ती पाहुण्यांना म्हणाली. “यंदाचा मासा ओस्तोयाने स्वतः धरलाय.”

मी उभा होतो. त्या दिवशी घरधनी का उभा राहतो, ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांना नीट दिसावा म्हणून. पाहुणे आपापल्या ताटलीत बघत होते. मेणबत्तीचं मेण ओघळत होतं. वेलिझारने ताटातून एक झुपका उचलला, कापलेलं टोक अंगठ्याने चाचपलं.

“माझ्या होडीत पाय ठेवलास तू,” तो म्हणाला.

“ठेवला.”

“मला न विचारता.”

“हो.”

त्याने तो झुपका ताटात परत ठेवला. मग उठला. मला वाटलं, चालला. कूम सणाच्या टेबलावरून उठून गेला की ते घर संपलं. पण त्याने सणाची भाकरी दोन्ही हातांत धरली आणि माझ्यापुढे केली. “धर,” तो म्हणाला. “म्हातारी माणसं कधीची उपाशी बसलीत.” आम्ही भाकरी दोघांच्या हातांनी फिरवली, मोडली, तिच्यावर दारूचे थेंब शिंपडले आणि रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या गालाचा तीनदा मुका घेतला. त्याचे गाल कोरडे होते. माझ्याबद्दल बोलत नाही.

पाहुणे गेल्यावर यागोदा भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, “माशासाठी कापलेस म्हणावं, तर झुपके काढून आपल्या दोराला लावले असतेस. तसं केलं नाहीस. नुसते कापलेस.”

मी टेबलावरचे ग्लास गोळा करत राहिलो.

“माझी लोकर ओळखलीस तू.”

“ओळखली.”

“मग घरी येऊन मला का नाही विचारलंस?”

ती वळून माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला उत्तर मिळालं. तिने हातातलं निळं ताट खाली ठेवलं, हात पुसले आणि शहरात गेलेल्या मुलाच्या रिकाम्या खोलीत निजायला गेली. ईस्टरपर्यंत तिथेच निजत होती.

तो हिवाळा मी वेलिझारच्या ओसरीत बसून त्याच्या दोराला झुपके ओवले. लोकर यागोदाने पाठवली. पीळ उकलायचा, झुपका घालायचा, दुहेरी गाठ, शेवटी उलटी. माझ्या गाठी सैल व्हायच्या. वेलिझार त्या सोडून परत माझ्या हातात द्यायचा. एकशे चौसष्ट झाले.

याला आता नऊ वर्षं झाली. माझा दोर अजून गातो. स्वतःच्या दोराला मी झुपके लावू शकतो, गाठ येते आता. पण लोकर यागोदाची आहे, आणि ती मागायला मला तोंड नाही. तीही आपणहून देत नाही. काठावर कपडे पिळताना माझी घूंघूं तिला ऐकू जाते. ती मान वळवून बघतही नाही.

संत निकोलाच्या आधी वेलिझार हाक मारतो, “कुमा, ये माझ्या होडीत. पाय ठेव, विचारलंस असं समज.” मी जातो. आम्ही दोघं त्याच्या होडीतून घरचा मासा धरतो. तो गळ लावतो तेव्हा मी पुढे बसून त्याच्या ताणलेल्या दोरावर हात ठेवतो. खाली खोल पाण्यात माझ्या बायकोची लोकर हलत असते, आणि दोर मुका. आणि खोटं कशाला बोलू? मी अजून जळतो.